पडद्यावरची आगगाडी आणि रुळावरचा माणूस

(छत्रपती संभाजीनगर इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषयपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून एकांनी मघाशी दारातच विचारलं, "सर, अलास्काचा बर्फ आणि आपलं संभाजीनगर, यांचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि मी तुम्हाला उणे तीस अंशातल्या रेल्वेबद्दल सांगणार. पण थोडा धीर धरा, ही गाडी शेवटी करमाडलाच येऊन थांबणार आहे.

तुमच्यापैकी किती जणांनी 'रेलरोड अलास्का' पाहिलंय? पूर्ण कार्यक्रम नसेल, पण मोबाइलवर तुकडे तरी? बरेच हात वर आहेत. 2013 साली अमेरिकेत ही मालिका सुरू झाली. पिवळी-निळी इंजिनं, सगळीकडं पांढरं, बर्फ उडवत जाणारा नांगर, रुळावर अचानक उभा राहिलेला मूस, म्हणजे तिकडचं ते अवाढव्य हरीण, आणि जंगलात एकेकटी राहणारी माणसं. प्रत्येक भागात असं वाटतं की आज काही ही गाडी पोचत नाही. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ती पोचते.

आधी यातलं खरं काय ते सांगतो, कारण टीका करायची तर आधी न्याय द्यायला हवा. अलास्का रेलरोड ही खरी आणि फार जिद्दीनं चालवलेली रेल्वे आहे. दक्षिणेला समुद्रकाठच्या सेवर्डपासून उत्तरेला फेअरबँक्सपर्यंत साधारण साडेसातशे किलोमीटर. 1923 च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नेनाना इथं शेवटचा, सोन्याचा खिळा ठोकून ती पुरी केली. 1985 पासून ती अलास्का राज्याच्या मालकीची आहे. हिमलोटाचा धोका खरा आहे. लोट आपण होऊन कोसळायच्या आधी स्फोट करून मुद्दाम पाडण्याची पद्धत खरी आहे. मूस रुळावर येतात हेही खरं, कारण भोवती छातीएवढं बर्फ असताना साफ केलेला रूळ हा त्या जनावराला सगळ्यात सोपा रस्ता वाटतो. आणि रस्ताच नसलेल्या भागात हात दाखवला की थांबणारी गाडी, तीही खरी आहे. आपल्याकडं एसटीला हात दाखवतात, तसं तिकडं लोक रेल्वेला हात दाखवतात!

मग खोटं काय आहे? माझं म्हणणं असं की, खोटं फारसं काही नाही. अडचण आहे ती निवडीची.

नाट्य कसं तयार होतं

रिअॅलिटी शोचं गणित एकदा समजून घेऊ. पंचेचाळीस मिनिटांचा भाग, त्यात तीन-चार वेळा जाहिराती. जाहिरातीला जाताना प्रेक्षकानं चॅनल बदलू नये म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी अधांतरी सोडावं लागतं. त्यामुळं काय होतं, की दर दहा-बारा मिनिटांनी संकट हवं. निसर्ग काही जाहिरातींच्या वेळापत्रकानुसार वागत नाही. मग संकट कापाकापीच्या टेबलावर तयार होतं.

ते कसं? पहिली युक्ती संगीताची. तेच दृश्य बासरीवर दाखवा, निसर्गरम्य वाटेल. ढोलावर दाखवा, आता काहीतरी होणार असं वाटेल. दुसरी युक्ती चेहऱ्याची. चालकाचा गंभीर चेहरा तासाभरापूर्वीचा असू शकतो. तो हिमलोटाच्या दृश्याला चिकटवला की तो त्याकडंच बघतोय असं आपण धरून चालतो. तिसरी युक्ती मुलाखतीची. काम संपल्यावर माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि विचारतात, "यात सगळ्यात वाईट काय होऊ शकलं असतं?" तो प्रामाणिकपणे सांगतो, "गाडी घसरली असती." प्रश्न काढून टाकायचा, उत्तर ठेवायचं. झालं नाट्य. चौथी युक्ती वेळेची. सहा तासांची वाट पाहणं सहा सेकंदांत येतं, आणि सहा सेकंदांची घसरगुंडी संथ गतीनं अर्धा मिनिट चालते.

2010 मध्ये 'आइस रोड ट्रकर्स'च्या मंडळींनी हेच सूत्र घेऊन भारत गाठला. अमेरिकी ट्रकचालक हिमाचलच्या घाटांत गाडी चालवतायत आणि त्यांची पाचावर धारण बसलीय. त्याच रस्त्यावरून रोज बाजूनं जाणारा हिमाचलचा ट्रकवाला मात्र त्या गोष्टीत पार्श्वभूमीला होता. ज्याचं ते रोजचं काम, तो नायक नाही; जो पहिल्यांदा घाबरला, तो नायक. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आपला हिवाळा म्हणजे पावसाळा

आता घरी येऊ. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण रेल्वेची परीक्षा घेणारा ऋतू आहे, आणि तो ऋतू कोकणात जूनला सुरू होतो. अलास्काला जसा हिमलोट, तशी कोकण रेल्वेला दरड. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली 1990 साली काम सुरू झालं आणि 1998 मध्ये सगळा मार्ग खुला झाला. डोंगर कापून काढलेली खोल कटिंग्ज, त्यात लाल माती, त्यात सैल दगड, आणि वरून कोकणातला पाऊस. यापेक्षा अवघड परीक्षा शोधून सापडायची नाही.

आणि आपण ही परीक्षा नापास झालोय, हे विसरायचं नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर आदळून सुट्टीची विशेष गाडी घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षही झालं नव्हतं, तोच 16 जून 2004 ला महाडजवळ करंजाडी इथं मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळं घसरून पुलावरून खाली गेली.

त्यानंतर जे झालं ते टीव्हीवर दाखवण्यासारखं बिलकुल नाही. कटिंगचे उतार कमी केले. डोंगराच्या अंगावर जाळ्या बसवल्या. सैल दगड पावसाळ्याआधी उतरवायला सुरुवात झाली. पर्जन्यमापक बसवले. काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रणा आली. पानवल, मांडवी, झुआरी अशा पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायची सोय झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळी वेळापत्रक. अनेक वर्षं ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असं असायचं. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर केलं. या काळात गाड्या मुद्दाम हळू चालवतात. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं, तर ताशी चाळीसवर आणायची सूचना चालकांना असते.

म्हणजे कोकण रेल्वेनं निसर्गाशी झुंज दिली असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात तिनं शहाणपणानं आपला वेग कमी केला. आता सांगा, "आज गाडी हळू चालली आणि उशिरा पोचली" याचा भाग कोण काढणार? प्रवासी तर स्टेशनमास्तरला शिव्याच घालणार. काढलेही आहेत म्हणा काही भाग. 2012 मध्ये ब्रिटनच्या चॅनल फाइव्हच्या 'एक्स्ट्रीम रेल्वेज' मालिकेनं भारतातल्या पावसाळी रेल्वेवर एक भाग केला होता. पण मालिकेच्या नावातच अट आहे बघा. रेल्वे 'एक्स्ट्रीम' असली तरच ती दाखवण्यालायक.

गस्तवाल्याच्या पिशवीत काय असतं

या सगळ्या व्यवस्थेच्या तळाशी एक माणूस आहे. त्याला कुणी ट्रॅकमन म्हणतं, कुणी गँगमन, पावसाळ्यात तो पेट्रोलमन होतो. कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात असे सहाशेहून अधिक लोक रात्रंदिवस गस्त घालतात. डोक्यावर रेनकोटची टोपी, हातात टॉर्च, लाल-हिरवा कंदील, आणि पिशवीत फटाके.

फटाके म्हणजे आपले दिवाळीतले नव्हेत. डिटोनेटर म्हणतात त्याला, पण रेल्वेतली माणसं फटाकाच म्हणतात. चपटी डबी असते, रुळाला पट्टीनं बांधायची. इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालकाला कळतं, पुढं धोका आहे. आता बघा, समजा रात्री दोन वाजता या माणसाला दरड दिसली. फोन लागला तर उत्तम. नाही लागला तर तो लाल दिवा दाखवत गाडी येण्याच्या दिशेनं पळतो. सहाशे मीटरवर एक फटाका लावायचा. तिथून पुढं पळायचं, आणि बाराशे मीटरवर तीन, एकमेकांपासून साधारण दहा मीटरवर. एकेरी मार्ग असेल तर गाडी दोन्हीकडून येऊ शकते, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही हेच करायचं.

बाराशे मीटरच का? कारण गाडी थांबायला अंतर लागतं. रेल्वेचं चाक पोलादी, रूळही पोलादी. घर्षण कमी, म्हणून तर एवढं वजन एवढ्या कमी ताकदीत ओढता येतं. पण जो गुण ओढताना, तोच दोष थांबवताना. चालकानं ब्रेक लावला तरी भरधाव गाडी कित्येकशे मीटर पुढं जाते. आणि इंजिनाचा दिवा अंधारात काहीशे मीटरच दाखवतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रात्रीच्या वेळी चालकाला जे दिसतं, त्याच्या आत त्याला बहुतेक वेळा थांबता येत नाही. रेल्वे डोळ्यांवर चालत नाही. ती कुणीतरी आधीच बघून ठेवलंय, या विश्वासावर चालते.

हा विश्वास ज्याच्या पायांवर उभा आहे, तो पडद्यावर नाही. कारण त्याची यशस्वी रात्र म्हणजे काहीच न घडलेली रात्र.

आम्ही लाइव्ह होतो तेव्हा

कुणी म्हणेल, हा दोष परदेशी कार्यक्रमांचा. तर 27 जुलै 2019 आठवा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी. दिवसभर वाहिन्यांवर तेच. बोटी, हेलिकॉप्टर, नौदलाचे जवान. ज्यांनी लोकांना बाहेर काढलं त्यांचं काम मोठंच होतं, त्यात शंका नाही.

पण त्या दिवशी रेल्वेनं प्रवाशांना एक साधी विनंती केली होती: गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे, मदतीची वाट बघा. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते. डब्याचं वजन कित्येक टन, तो रुळावर उभा. बाहेर पाण्याला ओढ, खाली खड्डा का खडी दिसत नाही. बसून राहणं हा त्या क्षणी शहाणपणा होता. पडद्यावर मात्र बसून राहणारी माणसं "अडकलेली" दिसतात आणि उडी मारणारा "धाडसी" दिसतो. उद्या तुम्ही-आम्ही अशा गाडीत असलो, तर आपल्याला काय आठवेल? विनंती, का हेलिकॉप्टर? माझी काळजी तिथं आहे.

आणि आता करमाड

मी म्हटलं होतं, गाडी करमाडला थांबेल. 8 मे 2020. टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर गावी जायला भुसावळच्या दिशेनं रुळानं चालत निघाले होते. दमले आणि बदनापूर ते करमाडच्या दरम्यान रुळावरच झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या, त्यामुळं रेल्वेच बंद आहे असा त्यांचा समज होता. मालगाड्या चालू होत्या. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडकडं जाणारी रिकाम्या टँकरची मालगाडी आली. सोळा माणसं गेली.

आपण सगळ्यांनी त्या दिवशी टीव्हीवर काय पाहिलं? रुळावर विखुरलेल्या पोळ्या. ते चित्र विसरणं शक्य नाही, आणि विसरूही नये. पण पुढचे दोन दिवस एक प्रश्न सारखा कानावर यायचा, अगदी शिकलेली माणसंही विचारायची: "ड्रायव्हरला थांबवता आलं नाही का?" चालकानं भोंगा वाजवला होता, थांबवण्याचा प्रयत्न केला होता, असं रेल्वेनं सांगितलं. तरी प्रश्न येत राहिला. कारण आपण वर्षानुवर्षं पडद्यावर शेवटच्या क्षणी करकचून थांबणारी गाडी पाहत आलोय. मूसच्या चार पावलं अलीकडं थांबणारं इंजिन आपल्या मनात बसलंय. गाडी तशी थांबत नाही, ही साधी गोष्ट आपल्याला कुणी दाखवलीच नाही. आणि मालगाड्या चालू आहेत, हे त्या सोळा जणांना कुणी सांगितलं नाही. एवढ्या वाहिन्या होत्या, दिवसरात्र चालू होत्या. ही माहिती रुळापर्यंत पोचली नाही.

ही माझी मुख्य तक्रार आहे. नाट्य दाखवण्याला माझी हरकत नाही. पण नाट्यानं ज्ञानाची जागा खाल्ली, तर त्याची किंमत कुणीतरी रुळावर मोजतो.

बघायचं कसं

मग असे कार्यक्रम बघूच नयेत का? बघा की! मीही बघतो. फक्त बघताना तीन प्रश्न सोबत ठेवा. पहिला, हे संकट टळावं म्हणून आधी कुणी काय केलं होतं, आणि तो माणूस कुठं आहे? दुसरा, या दोन दृश्यांच्या मध्ये किती वेळ गेला असेल? तिसरा, गाडी थांबली, तर तो पराभव म्हणून दाखवतायत का निर्णय म्हणून?

हे तीन प्रश्न विचारले की तोच कार्यक्रम वेगळा दिसायला लागतो. नांगर चालवणाऱ्याच्या मागं उभा असलेला अबोल माणूस दिसतो. आणि मग तुम्ही मनमाडला जाताना खिडकीतून बाहेर बघाल, तर खांद्यावर हातोडा घेऊन चालणारा आपला कीमनही दिसेल.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: मराठवाड्यात ना दरड, ना बर्फ. मग इथल्या ट्रॅकमनला काय काम?

उत्तर: छान विचारलंत. इथला शत्रू ऊन आहे, आणि थंडीसुद्धा. पोलाद तापलं की वाढतं, गार झालं की आकसतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तापमान पन्नास अंशांनी बदललं, तर त्याच्या लांबीत जवळपास सत्तावन्न सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेदोन फुटांहून अधिक फरक पडेल. आता, जानेवारीच्या पहाटे आपल्याकडं रूळ आठ-दहा अंशांवर असतो आणि मेच्या दुपारी साठच्या वर जातो. म्हणजे हा पन्नास अंशांचा फरक आपल्या दारातच आहे. पण रूळ जोडून सलग केलेला आणि स्लीपरला घट्ट धरलेला असतो, त्याला हलायला जागा नाही. मग तो ताण पोटात घेतो. उन्हात तो बाजूला वाकू पाहतो, थंडीत तुटू पाहतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी आणि हिवाळ्यात पहाटे गस्त असते. अलास्कातला रूळ आणि करमाडचा रूळ, दोघांचं शास्त्र एकच आहे.

प्रश्न: पण प्रसंगी चालकाचं धाडस लागतंच ना?

उत्तर: लागतं, नाकारत नाही. पण चांगली रेल्वे धाडसावर विसंबत नाही. बोरघाटाचं उदाहरण घ्या. लोणावळ्याहून कर्जतकडं उतरताना चढ-उताराचं प्रमाण सदतीसला एक. तिथं उतरणाऱ्या गाडीला ठरावीक जागी थांबावंच लागतं. नाही थांबली, तर सांधा तिला मुख्य मार्गावर जाऊ देत नाही, चढावरच्या कॅच सायडिंगमध्ये नेतो, म्हणजे वेग आपोआप मरतो. चालक कितीही कसलेला असो, नियम तोच. चालक चुकू शकतो, ब्रेक दगा देऊ शकतो, हे आधीच गृहीत धरलेलं आहे. पडद्याला नायक लागतो. रेल्वेला मात्र असं काहीतरी लागतं, ज्यामुळं नायकाची गरजच पडू नये.